सोड्याचा गॅस की नुसती हवा

मंगळवार, २ जुलै

ही डायरी खताच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिलेली. सहा महिने कोरी पडून होती. आज नुंगारी म्हणाली, "न्योकाबीच्या बाबा, माझ्यावर ओरडायचंय ते त्या वहीवर ओरडा. मला बटाटे सोलायचेत." बायकोचा हुकूम. ओरडतो.

विमा कंपनीच्या मॅडम चेरोटिच आज आमचं पेंटबॉलचं मैदान बघायला आल्या. आठ वाजता. नैरोबीचं माणूस लिमुरूला आठ वाजता पोचतं हेच मला नवीन. धुकं असं की कुंपणापलीकडच्या चहाची पहिली ओळ दिसत नव्हती. मी म्हटलं, बसा, चहा घ्या, दहापर्यंत उघडेल. त्या म्हणाल्या, "म्झे, आमची माणसं सत्तावीस तारखेला सकाळी आठलाच खेळणार आहेत. मला आठचंच बघायचंय."

म्झे म्हणाल्या, म्हणजे वयाचा मान ठेवला. पुढे काय होणार ते त्यांना तरी कुठे माहीत होतं?

बाटल्या भरणाऱ्या कामांडेने त्यांच्या हातात गोळ्या मारायचा मार्कर दिला. (बंदूक हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. एकदा एकाने फोनवर उच्चारला, तर चौकीवरचे दोन हवालदार टेकडी चढून आले.) मॅडमनी नेम धरला, चाप ओढला, आणि रंगाची गोळी वीस पावलांवर जाऊन शेळीच्या लेंडीसारखी गवतात पडली. फुटलीसुद्धा नाही. दुसरीही तशीच. वेगमापकावर सेकंदाला दोनशे फूट. पाहिजेत दोनशे ऐंशी. तिसऱ्या गोळीबरोबर नळीतून बर्फाचा पांढरा भुगा बाहेर आला.

"हे आइस्क्रीम पॅकेजमध्येच आहे का?" मॅडमनी विचारलं. हसून विचारलं, म्हणून जास्त लागलं.

दोष मार्करचा नाही, गॅसचा. सोड्याच्या बाटलीत असतो तोच गॅस आम्ही वापरतो. मार्करच्या छोट्या बाटलीत तो द्रव होऊन बसतो आणि लागेल तसा उकळून बाहेर येतो. थंडीत तो उकळतच नाही. जुलैत लिमुरूला माणूससुद्धा दहाच्या आत उकळत नाही, तिथे गॅसला काय बोलायचं? दुपारी ऊन पडलं की हाच शहाणा तीनशेच्या वर जातो, आणि मग गोळी लागलेला माणूस आमचं नाव घेऊन ओरडतो.

सत्तावीसचा दिवस नीट गेला तर वर्षभर दर महिन्याला त्यांची एक शाखा माझ्याकडे. नाही गेला तर न्गोंगच्या बाजूला दुसरं मैदान आहे, ते टपूनच बसलंय. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: हे काम गेलं तर डिसेंबरनंतर हे मैदान राहत नाही. जमीनमालक पुन्हा चहा लावायच्या गोष्टी आत्ताच करतोय. कामांडे आणि सहा पंच घरी बसतील. आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षी नवीन काय सुरू करणार?

बुधवार, ३ जुलै

न्योकाबीचं नाव माझ्या आईचं. त्यामुळे मी तिला माइतू म्हणतो, म्हणजे आई. आमच्यात पहिल्या मुलीला असंच म्हणतात. तोटा एवढाच की आईशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आज नाश्त्यालाच सुरू झाली. "बाबा, दाबलेली हवा घेऊ या. हवा बाटलीत द्रव होत नाही, थंडीला भीक घालत नाही. बाटलीच्या तोंडालाच दाब बांधणारा नियंत्रक असतो. आपल्या मार्करला तोच आटा बसतो. एक स्क्रू बदलायला नको."

"हवा?"

"हवा."

"नुसती हवा? विकत?"

"लोक पाणी विकत घेतात."

"पाणी निदान दिसतं, माइतू."

थिकाला तंत्रनिकेतनात शिकलेली मुलगी. तिला सगळं येतं. पण धंदा येत नाही. गॅसला वजन असतं, सिलिंडरवर शिक्का असतो, कंपनीचा ट्रक दारात येऊन उभा राहतो आणि शेजारी बघतात. हवेचं काय आहे? मी म्हटलं, "एवढं वर आल्यावर आता मी माणसांना बोलावून हवा विकू?" ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मुलीला शिकवलं की ती अशी बघायला लागते.

शनिवार, ६ जुलै

उपाय सापडला! कुणालाही न विचारता, एकट्याने.

चर्चची तरुण मंडळी सकाळी खेळायला आली होती. मी पहाटेच कोठीत कोळशाची शेगडी पेटवली आणि बाटल्या तिच्याभोवती मांडल्या, थंडीत पिल्लं मांडावी तशा. नुंगारी डोकावून म्हणाली, "आता त्यांना आंघोळ घालून कपडे चढवा." घालू दे टोमणे. पहिली फैर दोनशे सत्तर! गोळ्या फुटत होत्या, पोरं किंचाळत होती, पाद्रीबुवांच्या पाठीवर केशरी रंगाचा असा डाग पडला की उद्याच्या प्रवचनात आमची आठवण नक्की निघणार.

एकच तक्रार आली, बाटली लवकर संपते. ती मी जागच्या जागी मिटवली. "कामांडे," म्हटलं, "काट्यावर माप झालं की प्रत्येक बाटलीत वर थोडं. न्योंगेझा."

बाजारात बटाट्याचा डबा शीग लावून भरला, तरी बाई आणखी चार बटाटे वर ठेवते. तोच न्योंगेझा. न ठेवणारी बाई पुढच्या आठवड्यात एकटी माशा मारत बसते. माझा सगळा जम या वरच्या चार बटाट्यांवर बसलाय. रिरोनी फाट्यावर होतो तेव्हासुद्धा समोर दोघे होते, पण लोक माझ्याकडेच यायचे, कारण मी दोन पौंड जास्त... असो. ते जुनं झालं.

कामांडे खूश झाला. हा माणूस तेरा वर्षं चहाच्या पानांच्या काट्यावर कारकून होता. प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यामागे पोत्याचं वजन म्हणून एक किलो कापायचा. वरून हुकूमच तसा. म्हणाला, "मुचोकी, आयुष्यभर कापत आलो. वर घालायला सांगणारा मालक पहिल्यांदा भेटला."

मंगळवार, ९ जुलै

धडाम!

चहा पीत होतो. कपातला चहा माझ्या शर्टावर, आणि कोठीतून अशी शिट्टी की आगगाडी वाट चुकून टेकडीवर आली म्हणावं. दार उघडलं तर आत पांढरं धुकं, शेगडी विझलेली, किटली उलटी, आणि एक बाटली भोवऱ्यासारखी जमिनीवर गरगरतेय. आत कुणी नव्हतं, देवाची कृपा.

बाटलीच्या तोंडाला तांब्याची एक पातळ चकती असते. दाब अति झाला तर बाटलीऐवजी ती फुटते. ती फुटली होती.

कारण उघड आहे. स्वस्तातल्या चकत्या! नैरोबीच्या दुकानदाराने मला म्हातारा समजून गंडवलं. शुक्रवारी जाऊन त्याची खरडपट्टी काढतो.

शुक्रवार, १२ जुलै

कुणाची खरडपट्टी निघाली ते विचारू नये. सुट्या भागांच्या गल्लीतला तो दुकानदार, जेमतेम तिशीचा. मी फुटकी चकती त्याच्यासमोर आपटली.

"एकच फुटली, म्झे?"

"एकच."

"बाकीच्या?"

"अजून फुटल्या नाहीत."

"मग बाकीच्या चांगल्या आहेत की!" असं म्हणून त्याने मला आणखी एक डझन विकल्या. मी घेतल्या. कशा घेतल्या ते आठवत नाही. मी स्वतः लोकांना अशाच वस्तू विकल्या आहेत, तरी लक्षात आलं नाही.

येताना न्योकाबीने सरदार बामरांच्या कारखान्यापाशी गाडी थांबवायला लावली. "फक्त बघा, बाबा. बघायला काय जातं?" बामरा आगीच्या बंबवाल्यांचे श्वासाचे सिलिंडर भरतात. माणूस सत्तरीचा, नातवाशी पंजाबीत, कामगारांशी स्वाहिलीत आणि माझ्याशी चक्क किकुयूत बोलला. कॉम्प्रेसर चालू होता. चार पायऱ्यांचं मशीन. दाब शंभर, दीडशे, दोनशे असा चढत जातो आणि प्रत्येक पायरीला सूर बदलतो. तिसऱ्या पायरीची झडप किंचित उशिरा बसत होती. मी तसं सांगितलं.

बामरांनी मशीन बंद केलं, झडप उघडली, बघितली आणि माझ्याकडे वळले. "वा! मान तिरकी करून ऐकलंत तुम्ही. आयुष्यभर कॉम्प्रेसरशेजारी उभा राहिलेला माणूसच अशी मान करतो. टायरवाले का?"

"नाही," मी म्हटलं. "हार्डवेअर."

का म्हटलं कुणास ठाऊक. घाईत होतो बहुतेक. न्योकाबी गाडीत जाऊन बसली आणि तिने दार आपटून लावलं. दिवसच तसा होता. लिमुरूच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या मटाटूवाल्याने मिनीबसच्या खिडकीतून हाक मारली, "अरे हवावाला! जिवंत आहेस?" मी फोनमध्ये बघत राहिलो. फोन बंद होता.

मंगळवार, १६ जुलै

आणखी दोन फुटल्या. नव्या चकत्या. त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांना माझा नमस्कार.

गुरुवार, १८ जुलै

न्योकाबी म्हणते, शेगडी बंद करा. शेगडी बंद केली की वेग दोनशेवर. शेगडी चालू केली की चकत्या फुटतात. गॅसच्या ट्रकवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "गॅस तर तोच आहे, म्झे, सोड्यात घालून प्या, काही होत नाही." पंचांमधला एक म्हणाला, मैदानाला कुणाची तरी नजर लागली. दुसऱ्याचं म्हणणं, न्गोंगवाल्यांनी काहीतरी केलंय. तिसऱ्याने सुट्टी मागितली. नऊ दिवस राहिलेत, आणि माझ्याकडे एवढीच मतं आहेत.

शनिवार, २० जुलै

कामांडेचा हात गेला. म्हणजे गेला नाही, राहील असं नर्स म्हणाली.

कॉलेजच्या मुलांचा खेळ सुरू होणार होता. शेगडीजवळची बाटली उचलून तो मार्करला लावत होता, तेवढ्यात हातातच चकती फुटली. गॅसचा झोत तळव्यावरून गेला. ओरडलासुद्धा नाही. आधी बाटली माणसांपासून लांब फेकली आणि मग खाली बसला. तळवा पांढरा, मेणासारखा.

दवाखान्यात नर्सने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "कशाने भाजलं?"

"थंडीने," मी म्हटलं.

"लिमुरूची थंडी वाईट आहे हो," ती म्हणाली, "पण इतकी?"

कामांडे हसला. हसताना त्याचे दात वाजत होते. मला हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मुचोकी, त्या मुलांपैकी कुणाच्या हातात फुटली असती तर?" मी गाडीचा गिअर बदलला.

रविवार, २१ जुलै

चर्चनंतर कामांडेकडे गेलो. पीठ, साखर आणि चहापत्ती घेऊन. रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे जात नाहीत. न्योकाबी बरोबर होती. त्याच्या बायकोने उकडलेल्या अरवीच्या फोडी पुढे ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

कामांडेने डाव्या हाताने खिशातून वही काढली. कारकुनाची सवय, प्रत्येक बाटलीचं वजन लिहून ठेवतो. "हे वाच, न्योकाबी," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना अक्षर लागत नाही म्हणून नाही. त्यांनी वाचावं असं मला वाटत नाही म्हणून."

तिने वाचलं. बाटलीचं माप साडेपाचशे ग्रॅम. सहा जुलैपर्यंत प्रत्येक ओळीत साडेपाचशे. त्यानंतर सहाशे दहा, सहाशे तीस. कालची, जी हातात फुटली ती, सहाशे ऐंशी.

"मी जरा जास्तच घातलं," कामांडे म्हणाला. "घालताना फार बरं वाटायचं."

"कामांडेकाका, तुमचा दोष नाही," न्योकाबी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. माझी आई असती तर आवाज चढवला असता. हिने चढवला नाही. "बाबा, बटाट्याच्या डब्याला वर आभाळ असतं. बाटलीला झाकण असतं. द्रव तापला की फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. म्हणून बाटली मुद्दाम रिकामी ठेवतात. ती रिकामी जागा तुम्ही लोकांना फुकट वाटलीत. आणि वर शेगडी."

मी चकतीवाल्याला शिव्या घातल्या, ट्रकवाल्याला, थंडीला, न्गोंगवाल्यांना. नजर लागली हेसुद्धा अर्धवट मानलं. आणि 'वर थोडं' हे शब्द माझ्याच तोंडचे होते. ज्या सवयीने मला मोठं केलं तिनेच कामांडेचा हात जाळला. टायरमध्ये दोन पौंड जास्त घातले तर आठवड्याभरात हळूहळू झिरपून जातात. ड्रायव्हर खूश, टायर खूश. बावीस वर्षांत कधी वाटलं नाही की जास्त दिल्याने कुणाला इजा होईल.

कामांडेने एक फोड माझ्यापुढे सरकवली. "खा. आणि तोंड असं करू नकोस, मला वाटतं मी मेलोय."

सोमवार, २२ जुलै

पर्याय एक. सोड्याचा गॅस, माप बरोबर, शेगडी नाही. गोळी वीस पावलांवर लेंडी. मॅडम न्गोंगला जातील.

पर्याय दोन. सोड्याचा गॅस, माप बरोबर, शेगडी आहे. बहुतेक काही होणार नाही. बहुतेक हा शब्द विमा कंपनीसमोर उच्चारायचा?

पर्याय तीन. बामरा.

तिसऱ्याविरुद्ध माझी कारणं: लांब पडतं. सिलिंडर जड. बाटल्या भाड्याने घ्याव्या लागतील. रस्त्याला चिखल. पंचांना शिकवावं लागेल. लोक हसतील.

शेवटचं कारण लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. कोणते लोक? विमा कंपनीच्या माणसांना बाटलीत काय आहे हे कळणारसुद्धा नाही. मग कोण हसणार? बराच वेळ विचार केला. मग नुंगारीने जेवायला हाक मारली, ते एक बरं झालं.

मंगळवार, २३ जुलै

मॅडम चेरोटिच यांचा फोन. "म्झे, शनिवारी नक्की ना? आणि गॅसचं काय ठरलं? मला तसं लिहून द्यावं लागतं."

न्योकाबी समोर बसून शेंगा सोलत होती. मान वर केली नाही, पण सोलायची थांबली.

"हवा," मी म्हटलं. "दाबलेली हवा."

फोन ठेवल्यावर घाम आला. जुलैत. न्योकाबी पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, मी सांगतच होते. म्हणाली, "बामरांना फोन लावते." ते जास्त त्रासदायक होतं.

गुरुवार, २५ जुलै

सहा मोठे सिलिंडर, दोनशेच्या दाबाने भरलेले, आणि नियंत्रक बसवलेल्या चाळीस छोट्या बाटल्या. बामरांच्या अंगणात पिकअपवर चढवताना कंबर गेली. त्यात एक घोटाळा केला. नळीच्या आट्याला मी सवयीने तेलाचं बोट लावलं, आणि सत्तरीचे बामरा माझ्या अंगावर तरुणासारखे धावून आले.

"पुसा ते! आत्ता पुसा! इतक्या दाबाच्या हवेत तेल पेटतं, स्फोट होतो! कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"हार्डवेअरवाल्यांनी," मी म्हटलं.

"हो, हो," बामरा म्हणाले. फडकं माझ्या हातात दिलं आणि मी प्रत्येक आटा दोनदा पुसेपर्यंत शेजारी उभे राहिले. "हार्डवेअरवाले फार वाईट लोक."

चढावर पिकअप चिखलात रुतली. चहा खुडणाऱ्या बायकांनी टोपल्या खाली ठेवून ढकलली. एकीने विचारलं, "एवढं जड काय आहे आत?"

"हवा," न्योकाबी म्हणाली. बायका इतक्या हसल्या की गाडी पुन्हा मागे घसरली. तर हे ते लोक.

शनिवार, २७ जुलै

आठ वाजता दोन बस आल्या. धुकं दोन तारखेइतकंच दाट. साठ माणसं, सगळ्यांच्या अंगावर कंपनीचे पिवळे टी-शर्ट, आणि सगळी कुडकुडत. मॅडम चेरोटिच सरळ वेगमापकापाशी.

दोनशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे सत्त्याहत्तर. दोनशे एकोणऐंशी. एका मार्करनंतर दुसरा, दहा मार्कर, वीस. आकडा हलेचना. बर्फ नाही, लेंडी नाही. मॅडमनी खूण केली आणि धुक्यात पहिली फैर सुटली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्यासाठी कामच उरलं नव्हतं. सोड्याचा गॅस बोलतो. खाकरतो, धापा टाकतो, कोणती बाटली थकलीय ते मला लांबून कळायचं. ही हवा मुकी. न्योकाबी कोठीत भरण्याच्या नळीपाशी, हातमोजे घालून, आकडे बघत. कामांडे खुर्चीत, हाताला पट्टी, मांडीवर वही. मी दोघांच्या मधे उभा, लग्नात आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा. चहा झाला का, असं तीनदा विचारलं. नुंगारी म्हणाली, "न्योकाबीच्या बाबा, चौथ्यांदा विचारलंत तर तुम्हालाच करायला लावीन."

साडेदहाला ऐकू आलं. बाटली भरताना हवा आधी सणसणते, मग बारीक होत जाते, मग थांबते. ती लवकर थांबत होती. पुढची त्याहून लवकर. न्योकाबीने पहिले तीन सिलिंडर एकाच नळीला एकदम उघडून ठेवले होते. तिन्हींचा दाब बरोबरीने उतरला होता, आणि बाटल्या अर्ध्याच भरत होत्या. अजून अर्धी माणसं खेळायची होती. उरलेले तीन भरलेले सिलिंडरही त्यांनाच जोडायला ती चावी घेऊन निघाली.

"माइतू! हात लावू नकोस!"

माझा आवाज मैदानापर्यंत गेला असणार, दोन पंच आत आले. मी चावी घेतली. "सगळे एकदम उघडलेस तर बाराच्या आत सगळेच थकतील. बाटली आधी या थकलेल्यांवर लाव. सूर थांबला की बंद. मग चौथ्यावर. थांबला की पाचव्यावर. सहावा शेवटच्या घोटासाठी. त्याला बाकी कशाला हात लावायचा नाही."

"हे कुठल्या..." तिने तोंड उघडलं आणि आकड्याकडे बघितलं. बाटली पूर्ण भरली होती.

मग मी आकडे बघितलेच नाहीत. वाकलो, मान तिरकी केली आणि ऐकत राहिलो. थांबला, बंद. थांबला, बंद. न्योकाबी बाटल्या लावत होती, काढत होती, मी झडपा फिरवत होतो. तिच्या हाताला लय सापडली. एक वाजेपर्यंत एकही बाटली अर्धी गेली नाही. शेवटची जोडी मैदानावरून परत आली तेव्हा सहाव्यात अजून हवा शिल्लक होती.

कंबर सरळ करून मागे वळलो तर मॅडम चेरोटिच उभ्या. टी-शर्टवर चार निळे डाग. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"म्झे, हे कुठे शिकलात?"

हार्डवेअर हा शब्द जिभेवर आला होता. न्योकाबी हातमोजे काढत होती, एकेक बोट, फार सावकाश. कामांडे छताकडे बघत होता.

"रिरोनी फाट्यावर," मी म्हटलं. "टायरमध्ये हवा भरायचो, मॅडम. वीज गेली की तीन टाक्यांवर काम चालवावं लागायचं. मटाटूंना थकलेल्या टाकीतली, आणि ट्रक आला तर त्याच्यासाठी एक टाकी राखून ठेवायची. लोक मला हवावाला म्हणायचे."

त्या हसल्या नाहीत. काखेतली फाइल उघडली, पेन काढलं. "वर्षभराच्या करारासाठी आमच्याकडे एक रकाना असतो. दाबाखालच्या वायूच्या कामाचा अनुभव. न्गोंगवाल्यांनी तो कोरा सोडला, आणि आमचे साहेब कोऱ्या रकान्यावर सही करत नाहीत. किती वर्षं लिहू?"

"बावीस," मी म्हटलं.

"तेवीस, मॅडम," खुर्चीतून कामांडे म्हणाला. "पहिलं वर्ष पायपंपाचं होतं, ते हा धरत नाही."

"ते धरायचं का, म्झे?" मॅडमनी विचारलं. पेन कागदावर टेकवून थांबल्या होत्या.

मी म्हटलं, धरा.